शहरातील गर्दीत मोटारसायकल सुरक्षित कशी चालवावी : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्नकर्ते लातूर जिल्ह्यातून नोकरीसाठी पुण्यात आले आहेत. ते नऱ्ह्यात राहतात आणि १२५ सीसीच्या मोटारसायकलवरून मुंबई-बेंगळुरू महामार्गाच्या बाह्यवळणाने रोज हिंजवडीला जातात. गावाकडे अनेक वर्षे गाडी चालवली असली तरी इथल्या गर्दीत छातीत धडधडते, असे त्यांनी लिहिले आहे. त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने हळूहळू जाणे सुरक्षित आहे का? पुढचा ब्रेक लावू नये, असे वडील सांगत आले, ते बरोबर आहे का? हेल्मेट कोणते घ्यावे? आणि पत्नीची नोकरी वाकडला लागली आहे, तर तिला रोज मागे बसवून न्यावे का? मी दुचाकी चालवण्याचे प्रशिक्षण देते. माझ्याकडे येणाऱ्यांत नवशिक्यांइतकेच तुमच्यासारखे, म्हणजे गाडी येत असूनही शहरात बिचकणारे, असतात. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

आधी डाव्या कडेविषयी, कारण हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे. कडेने हळू जाणारा माणूस सर्वांना सभ्य वाटतो आणि त्याला स्वतःलाही सुरक्षित वाटते. परंतु आपल्या शहरांत रस्त्याची डावी कड हीच सर्वांत अनिश्चित जागा असते. उभ्या मोटारींची दारे तिथे अचानक उघडतात, दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून पादचारी तिथेच उतरतो, बस थांब्यावर तिथेच घुसते, राँग साइडने येणारे तिथूनच येतात, आणि साचलेली बारीक खडी, वाळू व खचलेली चेंबरची झाकणे यांचीही जागा तीच. शिवाय कडेला चिकटलेल्या दुचाकीला डावीकडे सरकायला जागा उरत नाही आणि उजवीकडून मागची वाहने तिला घासून पुढे जाऊ पाहतात. म्हणून तुम्ही डावी लेन जरूर धरा, पण त्या लेनमध्ये मोटारींची चाके जिथून जातात त्या पट्ट्यांपैकी एक पकडा. बहुतेक वेळा उजवा पट्टा बरा, कारण तिथून पुढच्या मोटारीच्या चालकाला तुम्ही त्याच्या उजव्या आरशात दिसता आणि उभ्या वाहनांपासून एक दाराएवढे अंतर आपोआप सुटते. लेनचा मधला भाग, विशेषतः सिग्नलपाशी, टाळावा. थांबलेल्या वाहनांचे ऑइल तिथे ठिबकून पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असतो.

वेगाचेही तसेच आहे. आजूबाजूची वाहने ताशी ४० किलोमीटरने जात असताना तुम्ही २० ने गेलात, तर प्रत्येक वाहनाला तुम्हाला ओलांडावे लागते, आणि ओलांडले जाण्याचा प्रत्येक प्रसंग हा धोक्याचा प्रसंग असतो. प्रवाहाच्या वेगाने, किंवा त्याहून किंचित कमी वेगाने, जावे. मात्र पुढच्या वाहनापासूनचे अंतर सोडू नये. पुढचे वाहन एखाद्या खांबापाशी पोहोचल्यापासून तुम्ही त्या खांबापाशी पोहोचेपर्यंत किमान दोन सेकंद जावेत, पावसात चार. यावर सर्व जण एकच तक्रार करतात, की अंतर ठेवले की कोणीतरी मध्ये शिरतोच. शिरू द्यावे. त्याच्यामागे पुन्हा अंतर सोडावे. एका फेरीत असे बरेच जण शिरले तरी त्याची किंमत मिनिटाच्या आत असते. बाह्यवळणावरचा आठ किलोमीटरचा मोकळा पट्टा ताशी ६० ने गेलात तर आठ मिनिटे लागतात आणि ४५ ने गेलात तर पावणेअकरा. एवढ्याचसाठी माणसे एकमेकांच्या चाकाला चाक लावून धावत असतात.

आता चौक. शहरात बेसावध दुचाकीस्वाराला धडक बसते ती बहुधा समोरच्याने मुद्दाम आडवे घातल्यामुळे नसते, तर त्याला आपण दिसलेलो नसतो म्हणून. हे नीट समजून घेण्यासारखे आहे. मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छताला आधार देणारे खांब असतात आणि चालकाच्या डोळ्यांसमोर ते जेवढी जागा झाकतात तेवढ्यात काही अंतरावरची आख्खी मोटारसायकल मावते. त्यातही, दोन वाहने एकमेकांवर आदळण्याच्या मार्गावर सरळ, स्थिर वेगाने असतील, तर चालकाच्या नजरेत दुसरे वाहन जागचे हलत नाही. ते एकाच ठिकाणी राहून फक्त मोठे होत जाते. त्यामुळे खांबाआड गेलेली मोटारसायकल अखेरपर्यंत खांबाआडच राहते. आणि खांबाआड नसली, तरी लहान वस्तू दूर आहे आणि सावकाश येत आहे असा डोळ्याचा अंदाज होतो. समोरून उजवीकडे वळणारा मोटारचालक तुमच्याकडे सरळ पाहूनही गाडी आडवी घालतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

यावर उपाय आपल्या हातात आहेत. चौकाकडे जाताना वेग थोडा कमी करावा, पुढच्या ब्रेकवर दोन बोटे ठेवावीत आणि आपल्या लेनच्या आत किंचित डावी-उजवीकडे सरकावे. स्थिर दिसणारा ठिपका त्यामुळे हलतो आणि नजरेत भरतो. समोरच्याच्या इंडिकेटरवर किंवा डोळ्यांवर विसंबू नये, त्याच्या पुढच्या चाकाकडे पाहावे. गाडीचा बाकी भाग वळलेला दिसण्याआधी चाक फिरलेले दिसते. रिक्षाच्या बाबतीत हा नियम विशेष उपयोगी आहे, कारण रिक्षा कुठेही वळू शकते आणि तिच्या चालकाने बाहेर काढलेला हात किंवा पाय हीच कधी कधी एकमेव सूचना असते. रस्त्याकडेला हात दाखवणारा प्रवासी दिसला, की पुढची रिक्षा आता डावीकडे झेपावणार हे गृहीत धरावे.

पुण्यातल्या अनेक सिग्नलांवर सेकंदांची उलटी मोजणी दिसते. लाल दिव्याचे तीन सेकंद उरले की पहिल्या रांगेतले निघतात आणि नेमके त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे शेवटचे दोघे-तिघे पिवळा दिवा संपता संपता चौकात घुसलेले असतात. तुम्ही हिरवा दिवा लागल्यावर दोन्ही बाजूंना मान वळवून पाहावे आणि मगच क्लच सोडावा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्यावा. आणखी एक गोष्ट, जी फार क्षुल्लक वाटते: बहुतेक मोटारसायकलींचा इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होत नाही. डावा इंडिकेटर चालू ठेवून तुम्ही सरळ जात असता, तेव्हा डावीकडच्या गल्लीतून निघणारा तुम्ही वळणार असे समजून निःशंकपणे बाहेर येतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. प्रत्येक वळणानंतर अंगठ्याने बटण दाबण्याची सवय लावून घ्यावी.

मोठ्या वाहनांबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. सुमारे १२ मीटर लांबीची बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने येत नाहीत, ती आतल्या बाजूने कापत येतात. म्हणून चालक आधी बस थोडी उजवीकडे घेतो, डावीकडे मोकळी जागा दिसते, आणि त्या जागेत शिरलेला दुचाकीस्वार बस आणि पदपथ यांच्या मध्ये अडकतो. चौकाजवळ बस किंवा ट्रकच्या डावीकडून पुढे जाण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कितीही जागा दिसली तरी. ट्रकच्या नाकासमोर जाऊन उभे राहणेही तितकेच वाईट. उंच केबिनमधल्या चालकाला बंपरच्या लगतचा भाग दिसत नाही आणि सिग्नल सुटताच तो तुम्ही तिथे नाही असे समजून निघतो. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही, एवढी खूणगाठ पुरे. ओलांडायचेच असेल तर पुढे थांबण्यापुरती मोकळी जागा आहे हे आधी पाहून, उजवीकडून, मध्ये न रेंगाळता ओलांडावे. दोन अवजड वाहनांच्या मधल्या फटीतून जाणारे लोक रोज दिसतात. त्यांच्या कौशल्याचे कौतुक वाटून घेऊ नये, कारण तिथे कौशल्याला वावच नसतो.

तुमच्या मार्गाविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने डझनावारी वाहनांना धडक दिली होती. साताऱ्याकडून येणारे काही ट्रकचालक डिझेल वाचवण्यासाठी या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, प्रसंगी इंजिनही बंद करतात. मग इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होऊ लागतात, आणि इंजिन बंद असेल तर एअर ब्रेकसाठी लागणारी हवाही नव्याने भरली जात नाही. असा ट्रक मागून येत असताना मोटारसायकलस्वाराचे कौशल्य काहीच कामाचे नाही. तेव्हा नऱ्ह्यातून निघाल्यावर जिथवर सेवा रस्ता सलग मिळतो तिथवर तोच धरावा आणि उताराचा जोर ओसरल्यावर मुख्य मार्गावर यावे. सेवा रस्त्यावर राँग साइडवाल्यांचा त्रास आहे हे खरे, परंतु समोरून २५ च्या वेगाने येणारी स्कूटर आणि मागून येणारा भरलेला ट्रक यांत निवड करायची असेल तर मी स्कूटर निवडेन. मुख्य मार्गावर येताना केवळ आरशावर विसंबू नये, उजव्या खांद्यावरून मागे एक नजर टाकावी. आरशात न दिसणारा एक पट्टा नेमका तिथेच असतो. आरसे असे लावावेत, की त्यांत स्वतःचा दंड जेमतेम कडेला दिसेल आणि उरलेल्या भागात रस्ता. मुख्य मार्गावर ट्रक शेजारून गेला की आधी हवेचा धक्का बसतो आणि मग ओढ लागते. हँडल घट्ट आवळण्याऐवजी गुडघ्यांनी टाकी धरावी, हात सैल ठेवावेत.

तुमच्या वडिलांचा सल्ला त्यांच्या काळच्या कच्च्या, खडीच्या रस्त्यांवर काही अंशी योग्य होता. डांबरी किंवा काँक्रीटच्या कोरड्या रस्त्यावर तो घातक आहे. ब्रेक लागताच गाडीचा आणि तुमचा भार पुढे सरकतो, पुढचे चाक जमिनीवर दाबले जाते आणि मागचे हलके होते. साहजिकच थांबवण्याची बहुतांश ताकद, साधारण ७० टक्के, पुढच्या चाकात असते. जो फक्त मागचा ब्रेक दाबतो त्याचे हलके झालेले मागचे चाक अडकते आणि घसरते, आणि गाडी थांबतही नाही. पुढचा ब्रेक लावून माणूस उलटून पडतो असे जे सांगितले जाते, ते लिव्हर एकदम आवळल्यामुळे घडते, किंवा वळणात हँडल फिरलेले असताना लावल्यामुळे. रीत अशी: ॲक्सिलरेटर बंद, दोन्ही ब्रेक एकाच वेळी, पुढच्याची सुरुवात हलकी, पुढचा सस्पेन्शन दबल्याचे हाताला जाणवले की जोर वाढवत न्यायचा, क्लच अगदी शेवटी. नजर ज्या वस्तूवर आदळण्याची भीती आहे तिच्यावर न ठेवता तिच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर ठेवावी, कारण गाडी नजरेच्या दिशेने जाते.

अंतराचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला आणि रस्ता कोरडा असला, तर ताशी ४० ला सुमारे २१ मीटर लागतात, आणि ताशी ६० ला सुमारे ४०. वेग दीडपट झाला, अंतर जवळजवळ दुप्पट झाले. ब्रेकवर बोटे आधीपासून ठेवल्याने अर्धा सेकंद जरी वाचला, तरी ताशी ४० ला तेवढ्यात साडेपाच मीटर वाचतात, म्हणजे एका मोटारीच्या लांबीहून जास्त. तुमची गाडी एप्रिल २०१९ नंतरची असेल, तर तिला एकत्रित ब्रेकप्रणाली म्हणजे सीबीएस, किंवा जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी प्रणाली म्हणजे एबीएस, असणे कायद्याने आवश्यक आहे. सीबीएसमध्ये मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, पण तो पुरेसा नसतो. पुढचा लिव्हर स्वतंत्रपणे वापरावाच लागतो. एबीएस असेल तर लिव्हर सोडून-दाबून करू नये, तो घट्ट धरून ठेवावा. थरथर जाणवली तर यंत्रणा काम करत आहे असे समजावे. हे वाचून येत नाही. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानाशेजारच्या पक्क्या रस्त्यावर खडूने रेघ मारावी, ताशी ३० ने येऊन तिच्यापाशी ब्रेक लावावा आणि गाडी कुठे थांबते ते पाहावे. हात शांतपणे काम करू लागेपर्यंत हा सराव करावा, आणि मग दर पावसाळ्याआधी एकदा.

पावसाळा आलाच आहे विषयात, तर पहिल्या सरींचे दिवस सर्वांत वाईट असतात. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून एक बुळबुळीत थर तयार होतो आणि तो धुऊन जायला चांगला जोरदार पाऊस लागतो. झेब्रा पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणे, कामाच्या ठिकाणी अंथरलेले पत्रे आणि झिजलेले पेव्हर ब्लॉक यांवरून जाताना गाडी सरळ उभी ठेवावी. त्यांच्यावर ब्रेक लावू नये, वळू नये. पाणी साचले असेल तर पुढच्या वाहनाच्या चाकांचा माग धरावा, म्हणजे खड्डा कुठे आहे ते तुमच्याआधी त्याला कळते. झोळासारखा अंगावर घ्यायचा रेनकोट टाळावा, तो वाऱ्याने फुगतो आणि चाकात किंवा साखळीत जाऊ शकतो. पँट-शर्टचा जोड घ्यावा, आणि रंग भडक असावा. टायरवरील नक्षी झिजून खाचेतल्या खुणेच्या पातळीला आली असेल तर तो जूनच्या आधी बदलावा. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. देखभालीबद्दल याहून अधिक लिहीत नाही, कारण ते तुम्हाला माहीत असणार.

हेल्मेट. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, यावर आणखी काही बोलण्याची गरज नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीला विरोध करण्याची परंपरा आहे आणि त्यातले बरेच युक्तिवाद मी तोंडपाठ ऐकले आहेत. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात. ऐकू येत नाही हे तर खरेही नाही, वाऱ्याचा घोंगाट कमी झाल्याने हॉर्न उलट स्पष्ट कळतो. १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ या मानकाचे आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट देशात बनवणे व विकणे बेकायदेशीर आहे, तरी रस्त्याकडेला टोपीसारखी हेल्मेटे मिळतातच. ती घेऊ नयेत. पूर्ण चेहरा झाकणारे घ्यावे, कारण पडताना हनुवटीही आपटते. मापाची परीक्षा सोपी आहे: गाल किंचित दाबले जावेत आणि पट्टा लावून हेल्मेट हाताने फिरवले तर त्याबरोबर कपाळाची कातडीही ओढली जावी. दुकानात घट्ट वाटणारे हेल्मेट काही आठवड्यांत बसते, दुकानात सैल असलेले मात्र कायम सैलच राहते. पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पहिल्याच आदळण्यात निघून जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही ते पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे असेच म्हटले आहे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा धक्का झेलत नाही. काच पारदर्शक हवी. काळ्या काचेचे हेल्मेट घालून रात्री गाडी चालवणे म्हणजे अर्धे आंधळे होऊन चालवणे. हेल्मेटनंतर पैसे उरले तर हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घ्यावेत. पडणारा माणूस आधी हात टेकतो.

पत्नीला न्यावे का, याचे उत्तर होय, परंतु ब्रेकचा वर सांगितलेला सराव तिला मागे बसवून, मैदानाशेजारच्या त्या रस्त्यावर, एकदा केल्यावरच. मागे माणूस बसले की गाडी उशिरा थांबते, वळणात जड लागते आणि निघताना पुढचे चाक हलके वाटते. मागच्या टायरमध्ये कंपनीने दोन माणसांसाठी सांगितलेली हवा भरावी. तिने दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. एका बाजूला बसल्यास तोल तर जातोच, शिवाय अचानक ब्रेक लागला तर धरायला काही उरत नाही. ओढणी, स्कार्फ किंवा साडीचा पदर खोचलेला आणि बांधलेला असावा. मागच्या चाकाला जाळी, म्हणजे साडी गार्ड, असणे नियमाने बंधनकारक आहे, पण गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून ती काढून टाकणारे अनेक आहेत. तुमच्या गाडीला ती नसेल तर आधी बसवून घ्यावी. हेल्मेट तिलाही तितक्याच दर्जाचे हवे. मागे बसणाऱ्यासाठी घरातले जुने, सैल हेल्मेट काढून देण्याची पद्धत मला समजलेली नाही. पुढे मूल झाले आणि त्यालाही न्यायचे ठरले, तर चार वर्षांखालील मुलासाठी मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. पहिला आठवडा दोघांनी अर्धा तास लवकर निघावे, म्हणजे नवले पूल आणि वाकड ही दोन्ही ठिकाणे गर्दी चढण्याआधी पार होतील.